साठ पोत्यांची आठ पोती कशी होतात

सांगलीच्या मार्केट यार्डातून सौद्यानंतर गावाकडं असा एक निरोप गेला असं धरू: "तुमची साठ पोती हळद पावणेसोळानं गेली. पैशाला सोमवारी येऊ नका, शुक्रवारी या." समोरच्यानं फोन उचलला नाही, म्हणून हे बोलणं व्हॉइसमेलमध्ये साठलं आणि यंत्रानं त्याचा मजकूर करून दिला: "तुमची आठ पोती हळद पाहुणे सोळाने गेली. पैशाला सोमवारी येऊ शुक्रवारी या."

तिन्ही चुकांची कारणं वेगवेगळी आहेत.

'साठ'चं 'आठ' होतं ते फोनमुळं. साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचा साधारण 300 ते 3,400 हर्ट्‌झ एवढाच पट्टा पुढं जातो. अशा कॉलमध्ये आवाजाची सेकंदाला 8,000 मोजमापं (नमुने) घेतली जातात, आणि तेवढ्यात 4,000 हर्ट्‌झच्या वरचं काही पकडताच येत नाही. आणि 'स'चा बराचसा जोर तर 4,000 हर्ट्‌झच्या वर असतो. तो कापला गेला की उरते नुसती हलकी फुसफुस, त्यामागं 'आठ' मात्र ठणठणीत ऐकू येतं. ऐकणारा माणूस संदर्भावरून 'स' भरून घेतो, कारण आपण किती पोती पाठवली हे त्याला माहीत असतं. यंत्राला ते माहीत नसतं. अशी रेकॉर्डिंग नंतर 16 किलोहर्ट्‌झला (सेकंदाला 16,000 नमुने) बदलून घेतली तरी गेलेला 'स' परत येत नाही. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवरचा बोललेला निरोप बरा, कारण तो फोनवरच नोंदला जातो आणि फाइल म्हणून जातो, कॉलच्या अरुंद पट्ट्यातून नाही.

'पावणे'ची गोष्ट वेगळी. इथं आवाज नीट पोचलेला असतो, अंदाज चुकतो. यंत्र ध्वनी ऐकतं आणि त्याच्याशी जुळणाऱ्या शब्दांतला जास्त संभवणारा शब्द निवडतं. ही संभाव्यता ते लिखित मजकुरातून शिकतं आणि छापताना आपण 'पावणेसोळा हजार' क्वचितच लिहितो, 15,750 लिहितो. सव्वा, दीड, अडीच, साडे यांचंही तेच. शिवाय सातारा-सांगलीकडं पाहुण्याला 'पावणं' म्हणतात, म्हणजे दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच कानावर पडतात. 'पाहुणे' ही चूक निदान डोळ्यांत भरते. 'पावणे' गळून नुसतं 'सोळा' उरलं तर मात्र शंकाही येत नाही. पोतं 50 किलोचं धरलं तर साठ पोती म्हणजे 30 क्विंटल, क्विंटलमागं 250 रुपयांचा फरक, एकूण 7,500 रुपये.

'नका' जातो तो घाईत. मोबाइल आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडून पाठवतो. रेंज कमी असली की सलग काही तुकडे हरवतात आणि पाव सेकंदात उरकलेला शब्द त्यात सहज बुडतो. मराठीत नकार बहुतेक वेळा क्रियापदानंतर, वाक्याच्या शेवटी येतो, तिथं आवाजही उतरलेला असतो.

यंत्रं तपासताना मोजतात तो शब्दचुकीचा दर: बदललेले, गळलेले आणि जादा घुसलेले शब्द मिळून भागिले मूळ शब्द. वरच्या निरोपात 12 शब्दांत 4 चुका ('पावणेसोळानं'चे दोन शब्द झाले, म्हणून त्याच्या दोन), म्हणजे 33 टक्के. आता "उद्या सकाळच्याला येतुय की ओ" याचं "उद्या सकाळी येतोय की हो" झालं, तर 5 शब्दांत 3 चुका, 60 टक्के! पण बिघडलं काहीच नाही. म्हणून तपासणी करायची तर आपल्याच माणसांचे वीसेक निरोप घ्यावेत, आधी कानानं ऐकून लिहून काढावेत आणि आकडे, वार, गावांची नावं व नकार यांच्या चुका वेगळ्या मोजाव्यात. एकूण टक्केवारीपेक्षा या वेगळ्या मोजणीला जास्त वजन द्यावं.

2022 साली सगळ्यांना वापरायला खुलं झालेलं व्हिस्पर हे बोलण्याचा मजकूर करणारं मॉडेल मराठीही लिहितं आणि संगणकावर इंटरनेटशिवाय चालतं. त्यात भाषा 'मराठी' अशी सांगून ठेवावी. नाही तर ते पहिल्या 30 सेकंदांवरून भाषा ओळखू पाहतं आणि मराठीला हिंदी समजू शकतं. ते आवाज 30-30 सेकंदांच्या खिडकीतून वाचतं. निरोप संपल्यावर फोन चालूच राहिला, तर त्या शांततेत कुणी न बोललेली वाक्यं ते कधी कधी लिहितं किंवा एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत सुटतं. म्हणून शेवटची शांतता आधीच कापावी आणि आधीच्या तुकड्याचा मजकूर पुढच्याला पुरवण्याची सोय बंद करावी. राजापुरी, हळकुंड, गड्डा, तोलाई असे हळदीच्या बाजारातले शब्द आणि पलूस, जत अशी गावांची नावं सूचना म्हणून आधी देता येतात ('जत'चं 'जात' होणं त्यानं कमी होऊ शकतं). पण त्या सूचनेची मर्यादा 224 टोकनांची (टोकन म्हणजे मॉडेल मजकुराचे पाडतं ते छोटे तुकडे) आहे, आणि देवनागरीत एकेका शब्दाला अनेक टोकन लागतात. त्यामुळं यादी छोटी ठेवावी, गरजेचे शब्द शेवटी घालावेत, कारण जास्त झालं तर सुरुवातीचा भाग कापला जातो.

बोलणाऱ्यालाही थोडं करता येतं. आकडा दोन तऱ्हांनी सांगावा: "साठ पोती, सहावर शून्य", "पावणेसोळा, म्हणजे पंधरा हजार सातशे पन्नास". 'येऊ नका' एवढ्यावर न थांबता "सोमवारी पैसे मिळणार नाहीत" असं पूर्ण वाक्य बोलावं. मजकुराशेजारी मूळ आवाज ठेवावा आणि आकडा दिसला की तेवढा तुकडा ऐकूनच वहीत रक्कम मांडावी.