स्थानिक इतिहास संग्रह (सातारा–सांगली परिसर)

एखाद्या गावाशी, तालुक्याशी किंवा जिल्ह्याशी निगडित छापील, हस्तलिखित आणि छायाचित्ररूप साहित्य सार्वजनिक ग्रंथालयाने वेगळे राखणे, त्याची सूची करणे आणि ते वाचकांना पाहू देणे, म्हणजे स्थानिक इतिहास संग्रह. गावावर लिहिलेली पुस्तके हा त्यातला लहान भाग. ती इतरत्रही मिळतात. खरा ऐवज असतो तो कोणी जपून ठेवत नाही अशा कागदांत: शाळेची स्मरणिका, सहकारी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल, यात्रेचे हँडबिल, नगरपालिका निवडणुकीतले पत्रक, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक.

या परिसरात पहिला पेच पडतो तो हद्दीचा. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी तासगाव, वाळवा, खानापूर हे सातारा जिल्ह्याचे तालुके होते, सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती, तर आटपाडी औंध संस्थानात होती. म्हणून तासगावचे १८८५ चे वर्णन सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शोधावे लागते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला सगळे साताऱ्याचे म्हणतात, पण त्याचे महत्त्वाचे केंद्र असलेले कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. केवळ जिल्ह्याच्या नावावर सूची लावली, तर निम्मा संग्रह वाचकाच्या हाती लागतच नाही. नोंद गावाच्या नावावर करावी आणि तिच्याखाली आजचा तालुका, जुना तालुका, संस्थान असे परस्परनिर्देश द्यावेत. कोयना धरणात बुडालेल्या आणि अन्यत्र वसवलेल्या गावांची जुनी व नवी, दोन्ही ठिकाणे द्यावी लागतात.

ऐतिहासिक दफ्तरांच्या बाबतीत या ग्रंथालयांनी फार हाव धरू नये. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन या संस्थानिक घराण्याच्या दफ्तरातली पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून छापली. अशा छापील खंडांचा संच जवळ असणे आणि कोणते मूळ कागद कोठे आहेत याची यादी हाताशी असणे, हे तालुक्याच्या वाचनालयाला पुरेसे आहे. एखाद्या वाड्यातून मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आले आणि वाचणारा माणूस व कोरडी जागा यांपैकी एकही नसेल, तर छायाचित्रे काढून मूळ कागद पुराभिलेखागाराकडे पाठवण्याचा सल्ला द्यावा. न वाचलेला रुमाल कपाटात पडून राहिला, तर त्याचा लाभ वाळवीलाच होतो.

देणगी घेताना दात्याकडून लेखी पत्र घेतात आणि दाखल पुस्तकात ती कोणाकडून, कोणत्या घरातून आली हे नोंदवतात. एका घरातून आलेले कागद विषयवार फोडू नयेत. त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध हीच बरेचदा त्यांची माहिती असते. नेहमीच्या दशांश वर्गीकरणात कृष्णेवरच्या पुलाची स्मरणिका अभियांत्रिकीत जाते, तर दिंडीची हकीकत धर्मात. त्यामुळे या साहित्याला वेगळी खूण देऊन ते एकत्र ठेवतात आणि घरी देत नाहीत. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने व्यक्ती, स्थळ आणि अंदाजे वर्ष लिहितात. ही माहिती सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या जुन्या मंडळींकडून मिळते, आणि त्यांना विचारायचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नसते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली वाचनालये अ, ब, क, ड वर्गांत मोडतात आणि अनुदान वर्गाप्रमाणे मिळते. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, वाचक पाहिले जातात. हँडबिलांच्या गठ्ठ्याने त्यात काही भर पडत नाही. साहजिकच हे काम एखाद्या हौशी ग्रंथपालावर चालते आणि तो निवृत्त झाला की कपाटाची किल्लीही सापडत नाही. यावर उपाय म्हणजे लिहून ठेवलेले संग्रहधोरण: काय घ्यायचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय घ्यायचे नाही.

जतनाचा प्रश्न नदीकाठी वेगळ्याच तऱ्हेने उभा राहतो. कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आले. २०१९ मध्ये सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो ग्रंथ भिजले. ओल्या कागदावर दोनेक दिवसांत बुरशी धरते आणि गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटतात. म्हणून संग्रह वरच्या मजल्यावर, भिंतीपासून थोडा सुटा ठेवावा आणि सूचीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. एरवीची काळजी साधी आहे: गंजणाऱ्या टाचण्या काढणे, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन टाळणे, कागद धुतलेल्या सुती कापडात बांधणे.

स्कॅन करून सर्वांना खुले करण्याआधी हक्क तपासावे लागतात. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) टिकतो, आणि निनावी स्मरणिकेच्या बाबतीत ती मुदत प्रकाशनापासून मोजतात. खासगी पत्रव्यवहार, वाटणीपत्रे, कर्जाचे कागद यांत हयात माणसांची नावे असतील, तर ते वाचनालयातच, अर्ज भरून घेऊन दाखवावेत.