ग्रँडव्ह्यू कॅम्पग्राउंड, कॅलिफोर्निया: बुकिंग कसं, कोणाला चालतं, कागदपत्रं काय लागतात

उन्हाळा आला की एक प्रश्न हमखास येतो, रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग वेबसाइटवर ग्रँडव्ह्यू बुकच होत नाहीये, बंद आहे का? बंद नाहीये हो, तिथे बुकिंगच नसतं. जो आधी पोचेल त्याची साइट, बस्स. त्यामुळे ऑनलाइन फॉर्म वगैरे काही नाही, पण म्हणून नियमच नाहीत असं समजून जाऊ नका.

जागा आहे इन्यो नॅशनल फॉरेस्टमध्ये, व्हाइट माउंटन्सवर. बिग पाइन गावातून हायवे १६८ नी साधारण १३ मैल वर चढायचं आणि व्हाइट माउंटन रोडला डावीकडे वळलं की पाच-सहा मैलांवर कॅम्पग्राउंड. उंची ८,६०० फूट, पिन्यन पाइन आणि जुनिपरच्या झाडीत २३ साइट्स. टेबल, फायर रिंग आणि व्हॉल्ट टॉयलेट, म्हणजे फ्लश नसलेला खड्ड्याचा संडास, एवढंच. पाण्याचा नळ नाही, लाइट नाही, फोनला रेंज मिळणार नाही असंच धरून चला. पाणी खालून बिग पाइनमधूनच भरून न्यायचं, प्यायला, भांड्यांना, हातपाय धुवायला सगळं धरून, आणि टॉयलेट पेपरही घरचाच ठेवा. कचरा आपला आपण परत आणायचा.

पात्रता म्हणाल तर कोणीही राहू शकतं, सिटिझन असण्याची अट नाही, एच-वन, स्टुडंट व्हिसा, व्हिजिटर व्हिसावर आलेले आईबाबा, सगळे चालतात. मात्र सिटिझन नसलेल्या १८ वर्षांवरच्या माणसाने आपले इमिग्रेशनचे कागद जवळ बाळगायचे असा अमेरिकेचा कायदाच आहे, कॅम्पिंगशी त्याचा संबंध नाही, पण माणसं नेमकी ट्रिपलाच ते घरी ठेवून निघतात. ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट आणि आय-नाइन्टीफोर, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद, गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स आणि गाडीचं रजिस्ट्रेशन-इन्शुरन्स, झाली कागदपत्रं.

पोचल्यावर लूपमधून, म्हणजे साइट्सभोवतीच्या गोल रस्त्यावरून, हळू एक चक्कर मारायची. साइटच्या खांबाला चिठ्ठी लावलेली असेल किंवा टेबलावर सामान असेल तर ती गेली. रिकामी दिसली की आधी गाडी लावून ताबा घ्या, मग बोर्डाकडे जा. नॅशनल फॉरेस्टच्या अशा कॅम्पग्राउंड्सवर बोर्डाजवळ जी लोखंडी पेटी असते तिला लोक आयर्न रेंजर म्हणतात. तिथे ठेवलेल्या पाकिटावर नाव, गाडीचा नंबर, साइट नंबर, किती रात्री ते लिहायचं, पैसे आत टाकायचे आणि फाडलेली चिठ्ठी खांबाला लावायची. ग्रँडव्ह्यूला ठरलेलं भाडं नाही, देणगी मागतात, तरी त्या सीझनला बोर्डावर काय लिहिलंय ते वाचा. सुट्टे डॉलर न्या, पेटी कार्ड घेत नाही आणि शंभरची नोट टाकली तर उरलेले परतही देत नाही. मित्र उद्या येणार म्हणून त्याच्यासाठी रिकामा तंबू ठोकून जागा अडवायची नाही, पहिल्या रात्री साइटवर कोणीतरी राहावंच लागतं. मुक्काम जास्तीत जास्त १४ दिवस.

शनिवारी दुपारी पोचून साइट मिळेल या भरवशावर राहू नका. इथलं आकाश इतकं काळं असतं की टेलिस्कोपवाले मंडळी अमावास्येच्या वीकेंडला आधीच येऊन बसतात, तेव्हा कालनिर्णय बघा आणि अमावास्या टाळा, किंवा तीच हवी असेल तर गुरुवारीच निघा. अंधार पडल्यावर हेडलाइट लावून फिरलात तर शेजारी वैतागतात, लाल टॉर्च ठेवा. वीस-पंचवीस जणांचा मंडळाचा ग्रुप असेल तर इकडे येऊच नका, खाली सीडर फ्लॅटला ग्रुप कॅम्पग्राउंड्स आहेत आणि ती रिक्रिएशन डॉट गव्ह वर बुक होतात.

आता पासचा घोळ. सीनियर पासवर, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी पासवर, बऱ्याच फेडरल कॅम्पग्राउंड्सचं भाडं निम्मं होतं, तो वर्षाचा २० डॉलरला आणि आयुष्यभराचा ८० डॉलरला मिळतो, पण वय ६२ पूर्ण आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्ड, दोन्ही हवं. व्हिजिटर व्हिसावरच्या आईबाबांना तो मिळत नाही, मग वय ७५ का असेना. ग्रीन कार्ड असेल तर जरूर काढा, ग्रँडव्ह्यूला नाही तरी पुढे इतर ठिकाणी उपयोगी पडतो.

थंडीचंही सांगून ठेवते, जुलैतसुद्धा रात्री स्वेटर लागतो, पहिल्या दिवशी उंचीने डोकं दुखू शकतं. वर साधारण पाच मैलांवर शुलमन ग्रोव्हला ब्रिसलकोन पाइनची झाडं आहेत, त्यातलं मथुसेला ४,८०० वर्षांहून जुनं आहे आणि नेमकं कुठलं ते मुद्दाम सांगत नाहीत. तिथलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही, अगदी बोटाएवढा तुकडासुद्धा, कारण पडलेल्या खोडांच्या वर्तुळांवरूनच शास्त्रज्ञ हजारो वर्षांच्या हवामानाचा हिशोब लावतात. शेकोटीसाठी लाकूड जवळच्या गावातच विकत घ्या, घरून नेलं तर त्यातून किडे इथल्या जंगलात येतात.

साइट नाहीच मिळाली तर फॉरेस्टमध्ये परवानगी असेल तिथे मोकळ्यावरही राहता येतं, पण मग चहापुरता गॅस स्टोव्ह पेटवायलाही कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिट लागतं. ते फुकट आहे, ऑनलाइन छोटा व्हिडिओ बघून प्रश्नांची उत्तरं दिली की लगेच मिळतं, वय १८ हवं, आणि वर्षअखेरपर्यंत चालतं. निघायच्या आदल्या दिवशी इन्योचे आगीचे निर्बंधही बघून घ्या, कडक असतील तर परमिट असूनही शेकोटी पेटवता येत नाही. परमिट फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, वर गेल्यावर उघडायला नेट नसणार.