वेव्हलेट आणि न्यूरल नेटवर्क वापरून सिग्नल अन् फोटो ओळखणं

सिग्नल किंवा फोटो आधी वेव्हलेटनं (म्हणजे छोट्या, लगेच विरणाऱ्या लहरींच्या मापानं) वेगवेगळ्या थरांत फोडायचा, प्रत्येक थरातून मोजके आकडे काढायचे आणि ते आकडे न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी हिशोबाला) देऊन 'हे कोणत्या प्रकारातलं' ते ठरवून घ्यायचं, अशी ही दोन टप्प्यांची पद्धत. ईसीजीतले ठोके, मोटरच्या बेअरिंगची थरथर, विजेच्या लाईनमधले बिघाड, पानांवरचे रोग, रक्तपेशी, सगळीकडे वापरतात.

आता साधं फूरिअर (सिग्नलमध्ये कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते काढायची जुनी रीत) का पुरत नाही ते बघा. विदर्भात खेड्यावर शेतीची लाईन आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, कारण बहुतेकांनी ऑटो स्विच लावलेले असतात, आणि इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, मग व्होल्टेज खाली बसतं आणि थोड्या वेळानं सावरतं. ५० हर्ट्झच्या लाईनची एक सायकल २० मिलिसेकंदांची, सारा खेळ अशा काही डझन सायकलींचा. पूर्ण रेकॉर्डिंगचं फूरिअर काढलं तर ५० हर्ट्झचा मोठा खांब दिसतो, शेजारी थोडी पसरट खळबळ दिसते, पण व्होल्टेज नेमकं कधी बसलं ते त्या चित्रात कुठंच वाचता येत नाही. तुकडे पाडून फूरिअर काढता येतं, पण मग खिडकी, म्हणजे एका वेळी बघायचा तुकडा, एकाच मापाची राहते. वेव्हलेटमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीला छोटी खिडकी आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला लांब, त्यामुळं क्षणभराचा झटकाही सापडतो अन् संथ चढउतारही.

कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड हारनं १९०९च्या प्रबंधात सगळ्यात साधं, पायरीसारखं वेव्हलेट मांडलं होतं, पण खरी गरज पडली ती तेलशोधात, जमिनीखालून परत येणाऱ्या लहरी वाचताना. तिथं काम करणारे जाँ मोर्ले आणि भौतिकशास्त्रज्ञ ॲलेक्स ग्रॉसमन यांनी १९८४ला त्याला गणिताचा पाया दिला, इंग्रिड डोबेशींनी १९८८ला मर्यादित लांबीची वेव्हलेट्स बांधली (db४ वगैरे म्हणतात ना, त्यातला 'डीबी' म्हणजे डोबेशी), आणि स्टेफान मलानं १९८९ला फिल्टरच्या जोड्यांनी झटपट हिशोब करायची रीत दिली. ईव्ह मेयर यांना याच विषयावरच्या कामासाठी २०१७चं आबेल पारितोषिक मिळालं.

मलाच्या रीतीत सिग्नल दर पायरीला दोन भागांत फुटतो, बारीक तपशील वेगळा आणि ढोबळ आकार वेगळा, मग ढोबळ भाग परत फोडायचा. ईसीजीच्या अभ्यासात सगळे वापरतात त्या एमआयटी-बीआयएच नावाच्या ईसीजी नोंदींच्या संचात सेकंदाला ३६० नोंदी आहेत, तर पहिल्या थरात ९० ते १८० हर्ट्झ येतं, दुसऱ्यात ४५ ते ९०, तिसऱ्यात साधारण २२ ते ४५, असं निम्म्या-निम्म्यानं खाली. विजेच्या लाईनची घरघर दुसऱ्या थरात अडकते आणि ठोक्याचा उंच टोकदार भाग मुख्यतः चौथ्या-पाचव्यात दिसतो. प्रत्येक थराची ऊर्जा, पसारा, एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) काढली की हजारो नोंदींचे वीस-पंचवीस आकडे उरतात, आणि तेवढ्यांना छोटं नेटवर्क पुरतं, नेटवर्कचा एकच मधला थर, त्यात दहा-वीस न्यूरॉन (हिशोबाचे छोटे घटक), साध्या लॅपटॉपवर ट्रेन होतं.

खरा फायदा इथंच आहे. २०१२नंतर डीप लर्निंग (खूप थरांची मोठी नेटवर्क) सगळीकडे गेलं आणि लोक म्हणायला लागले की फिल्टर हातानं निवडायची गरजच नाही, नेटवर्क स्वतः शिकते. शिकते, बरोबर, पण त्याला लाखांनी नमुने लागतात, आणि आपल्याकडं तालुक्याच्या दवाखान्यात किंवा एखाद्या वावरात नीट नाव लावलेले दोनशे नमुने जमवतानाच दमछाक होते. तेवढ्यात वेव्हलेट अन् छोटं नेटवर्क हेच जास्त भरवशाचं. मधला मार्गही आहे, सिग्नलचं वेळ-फ्रिक्वेन्सीचं चित्र काढून तेच आधी ट्रेन झालेल्या नेटवर्कला दाखवायचं.

फोटोत आडवं-उभं दोन्हीकडून फोडतात, म्हणून दर पायरीला चार तुकडे पडतात: एक छोटा ढोबळ फोटो, आणि आडव्या, उभ्या, तिरप्या रेषांचे तीन. पानाचा पोत ओळखायला हे फार उपयोगी. पण पऱ्हाटीवरचा (कापसावरचा) लाल्या, म्हणजे पानं लाल पडणं, हा रंगाचा मामला, फोटो आधी काळापांढरा केला तर अर्धी माहिती तिथंच गेली, लाल-हिरवा-निळा तिन्ही वेगवेगळे फोडावे लागतात. आणि गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत बसते, पानाचे कितीही फोटो काढा, ती दिसणार नाही. फोटो घ्यायचाच तर डोमकळीचा (अळीमुळं न उमलता मिटून राहिलेल्या फुलाचा) किंवा कामगंध सापळ्यातल्या (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यातल्या) पतंगांचा घ्यावा.

एक खोट वेव्हलेटचीही आहे, सिग्नल एक-दोन नोंदींनी सरकला की थरातले आकडे बदलतात, म्हणून काही जण दर पायरीला नोंदी निम्म्या न करणारा प्रकार वापरतात, तो हळू चालतो पण स्थिर असतो.

'९९ टक्के अचूक' असं लिहिलेलं दिसलं की आधी चाचणीचा डेटा कुठून आला ते विचारावं. एकाच पेशंटचे अर्धे ठोके शिकवायला आणि अर्धे परीक्षेला ठेवले तर नेटवर्क आजार नाही, तो माणूसच ओळखायला शिकते, आणि नवीन पेशंट आला की आकडा धाडकन खाली येतो. एकाच वावरातले फोटो दोन्हीकडं वाटले तरी तेच होते. परीक्षेसाठी पूर्ण पेशंट, पूर्ण वावर, पूर्ण डीपी बाजूला काढून ठेवायचा.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, तिथं स्लाईडच्या फोटोतून कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी शोधायलाही ही पद्धत बसते. मात्र वाहक असलेल्या माणसाच्या साध्या स्लाईडवर पेशी बहुधा गोलच दिसतात, त्यामुळं एसएस (आजारी) की एएस (वाहक) ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ततपासण्या केल्यावरच ठरते.