न दिसणाऱ्या गोटीचा व्यास

सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, विचारलं की नववीचा वर्ग एका सुरात २, ८, १ म्हणतो. मधोमध केंद्रक, त्यात ११ प्रोटॉन आणि १२ न्यूट्रॉन, भोवती तीन वर्तुळं. आकृतीही झकास निघते. मग विचारावं, मधला तो ठिपका तिथे आहे हे कळलं कसं? ‘सूक्ष्मदर्शकातून बघून,’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. केंद्रक आणि इलेक्ट्रॉन यांच्या मधल्या जागेत काय आहे? ‘हवा!’

हवा स्वतः अणूंचीच बनलेली असते, हे याच मुलांना चांगलं ठाऊक असतं. त्यांच्यापर्यंत फक्त निकाल पोचलेला असतो. पुरावा काय होता आणि तो लोकांना का पटला, हा भाग पोर्शन संपवण्याच्या घाईत गळून जातो. घाई खरी असते, त्याबद्दल शिक्षकांना बोल लावण्यात अर्थ नाही. तरी दोन तास काढता आलेच, तर माझ्या मते ते रुदरफोर्डचं केंद्रक आणि चॅडविकचा न्यूट्रॉन यांना द्यावेत. या दोन ठिकाणी शास्त्रज्ञांनी बांधलेला तर्क शाळेतल्या गणितावर मुलांना स्वतः बांधता येतो. बोरच्या कवचांचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या त्या वर्तुळांचं, तसं नाही, ती तूर्त विश्वासानेच घ्यावी लागतात.

पहिली गोष्ट मँचेस्टरची, १९०९ सालची. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला होता आणि धनप्रभार अणूभर पसरलेला असून त्यात इलेक्ट्रॉन रुतलेले आहेत, अशी कल्पना मांडली होती. प्रभार असा पसरलेला असेल तर किरणोत्सारी पदार्थातून वेगाने येणारा अल्फा कण, म्हणजे हेलियमचं धनप्रभारित केंद्रक, कुठेही जोराने ढकलला जाणार नाही, जेमतेम तिरपा होईल. इलेक्ट्रॉनकडून तर भीतीच नाही, कारण अल्फा कण त्याच्या सात हजार पटींहून जड असतो. रुदरफोर्ड यांचे सहकारी हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडन अंधाऱ्या खोलीत बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण आदळून उमटणाऱ्या ठिणग्या एकेक करून मोजत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत कामाला सुरुवातच करता येत नसे. धातूच्या पातळ पत्र्यावरून चक्क मागे फिरणारे कण त्यांना सापडले. प्लॅटिनमवरून मागे येणाऱ्यांचं प्रमाण साधारण ८,००० मध्ये एक होतं. इतक्या क्वचित, पण इतक्या जोरात. यावरून १९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी निष्कर्ष काढला की अणूचा धनप्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या इवल्याशा जागेत एकवटलेलं आहे.

पण ‘किती वेळा आपटलं’ यावरून ‘केवढं आहे’ हे कसं कळतं? इथे वर्गात गोट्या काढाव्यात. जमिनीवर ६० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा आखायचा. त्यात सहा गोट्या विखरून, पण समोरून पाहिलं तर एकीआड दुसरी येणार नाही अशा ठेवायच्या आणि मातीच्या किंवा चिकणमातीच्या ठिपक्याने चिकटवायच्या. त्यांच्यावर पुठ्ठा असा टेकवायचा की खालून गोटी सरपटत जाईल, पण आतलं काही दिसणार नाही. मुलांनी तेवढ्याच आकाराची गोटी पट्ट्याच्या रुंदीत कुठूनही, नेम न धरता, सरळ सोडायची. ‘टक्क’ आवाज आला की एक नोंद. नेमबाज पोरांना नेम न धरणं फार जड जातं. त्यांच्यासाठी सुरुवातीची जागा चिठ्ठी काढून ठरवावी.

आता हिशेब. सोडलेल्या गोटीचा मध्य आतल्या गोटीच्या मध्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे एका व्यासाच्या आत आला, तर टक्कर होते. म्हणजे प्रत्येक गोटी दोन व्यासांएवढी रुंदी अडवते, सहा गोट्या बारा व्यासांएवढी. समजा, १०० पैकी ३२ वेळा आवाज आला. तर बारा व्यास म्हणजे ६० सेंटिमीटरचे ३२ टक्के, १९.२ सेंटिमीटर. एक व्यास १.६ सेंटिमीटर. पुठ्ठा उचला, पट्टीने मोजून बघा. एका गटाचं उत्तर १.४ येईल, दुसऱ्याचं १.८, पण सगळ्या वर्गाच्या नोंदी एकत्र केल्या की उत्तर खऱ्या व्यासाच्या जवळ सरकतं. गायगर आणि मार्सडन यांनी इतक्या ठिणग्या का मोजल्या, हे वेगळं सांगावं लागत नाही. पत्रा अतिशय पातळ का हवा, हेही मुलंच सांगतात: गोट्या एकीआड एक आल्या तर हिशेब चुकेल.

एक फरक मात्र सांगायलाच हवा. अल्फा कण केंद्रकावर आपटत नव्हता. दोघेही धनप्रभारित, त्यामुळे विद्युत प्रतिकर्षणाने तो दुरूनच वळत होता, आणि रुदरफोर्ड यांचं गणित त्या बलाचं होतं. कण जितका जवळ जाऊन परत फिरला त्याहून केंद्रक मोठं असणार नाही, एवढं त्यातून निघालं.

सोन्याच्या अणूची त्रिज्या त्याच्या केंद्रकाच्या सुमारे वीस हजार पट आहे. फळ्यावर केंद्रक एक सेंटिमीटर रुंदीचं काढलं तर अणूची कड शंभर मीटरवर, बहुधा शाळेच्या फाटकाबाहेर. पुस्तकातली आकृती प्रमाणात काढताच येत नाही. तिच्यातली वर्तुळं हिशेबाची सोय आहे, इलेक्ट्रॉन त्या रेघांवरून फिरत नाहीत. नववीला एवढं पुरे.

आता न्यूट्रॉन. हेलियमच्या केंद्रकावर प्रभार दोन प्रोटॉनांएवढा, वस्तुमान मात्र एका प्रोटॉनच्या चौपट. उरलेलं वजन कुणाचं? प्रभार नसलेला कण असावा, असा अंदाज रुदरफोर्ड यांनी १९२० मध्येच केला होता. प्रभार नाही म्हणजे तो विद्युत क्षेत्रात वळणार नाही, वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून माग सोडणार नाही. १९३२ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांना दिसलं की अल्फा कणांचा मारा केलेल्या बेरिलियममधून निघणारे अदृश्य किरण मेणातून प्रोटॉन उडवतात. त्यांना ते गॅमा किरण, म्हणजे प्रकाशासारखे वस्तुमान नसलेले किरण, वाटले. केंब्रिजच्या जेम्स चॅडविक यांना ते पटलं नाही, कारण प्रोटॉन इतक्या वेगाने उडवायला लागणारी ऊर्जा त्या अभिक्रियेतून मिळणंच शक्य नव्हतं. एखादा जड कण धडकत असेल तर मात्र सगळं जुळत होतं.

त्याचं वस्तुमान कसं काढायचं? त्याने ज्यांना धडक दिली त्यांचे वेग मोजून. उडालेल्या प्रोटॉनचा वेग सेकंदाला ३३,००० किलोमीटर होता, आणि त्याच किरणांनी उडवलेल्या नायट्रोजनच्या केंद्रकाचा ४,७००. नायट्रोजन प्रोटॉनच्या १४ पट जड. अनोळखी कणाचं वस्तुमान ‘म’ धरलं, तर समोरासमोरच्या टकरीत संवेग आणि गतिज ऊर्जा यांच्या अक्षय्यतेवरून दोन वेगांचं गुणोत्तर (म + १४) भागिले (म + १) येतं. ३३,००० ला ४,७०० ने भागलं की जवळपास सात. म्हणजे म + १४ = ७म + ७. हे एकचल समीकरण सोडवायला मुलांना अर्धं मिनिटही लागत नाही: ‘म’ म्हणजे सातषष्ठांश, सुमारे १.१७. प्रोटॉनएवढाच कण, जरासा जास्त.

‘मग बरोब्बर एक का नाही आलं?’ हा प्रश्न आला तर खरं उत्तर लगेच देऊ नये. वेगांच्या मोजमापात दहा टक्क्यांपर्यंत चूक सहज असू शकते, असं खुद्द चॅडविक यांनीच लिहून ठेवलं होतं. ४,७०० च्या जागी ४,४०० घालून मुलांना समीकरण पुन्हा सोडवू द्यावं. गुणोत्तर साडेसात होतं, आणि ‘म’ ची किंमत येते १.