विद्राव्य खतांचे परावलंबन (सांगली जिल्हा)

ठिबक सिंचनातून द्यायच्या, पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या खतांसाठी भारत मुख्यतः चीनवर विसंबून आहे. या खतांच्या आयातीपैकी सुमारे ८० टक्के माल चीनमधून येतो, असा अंदाज २०२५ मध्ये या व्यवसायातील संघटनेने दिला होता. बड्या सत्तांच्या तंत्रज्ञानस्पर्धेत खनिजे आणि रसायने अडवून धरण्याचे जे प्रकार वाढले, त्यांची झळ सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्याला या वाटेने लागली. तासगाव, मिरज, पलूस, खानापूर, कवठेमहांकाळ आणि जत या तालुक्यांतील बागा जवळपास पूर्णपणे ठिबकवर आहेत.

कृषी सेवा केंद्रात ही खते आकड्यांवरूनच मागितली जातात : बारा एकसष्ट, झिरो बावन्न चौतीस, तेरा झिरो पंचेचाळीस, झिरो झिरो पन्नास. आकडे अनुक्रमे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचे शेकडा प्रमाण सांगतात. १२:६१:० म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश. साधारण २५ किलोच्या पिशवीतील ही पांढरी पूड पिंपात कालवून व्हेंचुरीमधून (खताचे पाणी नळीत ओढून घेणाऱ्या उपकरणातून) ठिबकच्या पाण्यात सोडतात. पोटॅशियम नायट्रेट टाकले की पिंपातले पाणी हाताला गार लागते, कारण ते विरघळताना उष्णता ओढून घेते. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदयुक्त खत एकाच पिंपात कालवले तर गाळ बसतो आणि ड्रिपर चोंदतात, म्हणून त्यांचे दिवस वेगळे ठेवावे लागतात. स्वस्त पालाश हवा तर म्युरेट ऑफ पोटॅश आहे, पण त्यात क्लोराइड असते. खारवट जमिनीच्या बागांत ते टाळलेले बरे, म्हणून तिथे महागडे सल्फेट घ्यावे लागते.

या खतांना युरिया किंवा डीएपीसारखे अनुदान नाही. दर चढला की तो थेट बागायतदाराच्या उधारीच्या वहीत उतरतो.

परावलंबन एवढे कसे झाले, याचे उत्तर भूगर्भात थोडे आणि कारखानदारीत जास्त आहे. भारतात पालाशाची खाण चालू नाही. स्फुरदाचा दगड राजस्थानात झामरकोटरा येथे मिळतो, पण देशाची गरज त्याने भागत नाही. जगातील फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोकडे आहेत, म्हणजे दगडाच्या बाबतीत चीन मक्तेदार नव्हे. त्याची पकड शुद्धीकरणावर आहे. दगडावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून मिळणारे फॉस्फरिक आम्ल डीएपीला चालते. ठिबकच्या खताला मात्र ते अधिक शुद्ध लागते, कारण अविद्राव्य गाळ अर्ध्या टक्क्याच्या वर गेला तर ते ठिबकच्या उपयोगाचे राहत नाही. दुसरी वाट विजेच्या भट्टीची आहे. तिथे सुमारे १,५०० अंश सेल्सियस तापमानाला पिवळा फॉस्फरस काढतात आणि त्यापासून शुद्ध आम्ल बनवतात. एक टन पिवळ्या फॉस्फरसला १३ ते १४ हजार युनिट वीज जाते. युनान, ग्वेइचौ, सिचुआन आणि हुबेई या प्रांतांत दगड आणि जलविद्युत दोन्ही होते, प्रदूषणाकडे काणाडोळा झाला आणि चिनी माल इतका स्वस्त पडू लागला की इथे कारखाना काढण्याचे गणित कुणालाच जमेना. भारतीय कंपन्यांनी आयात करून मिश्रण आणि पॅकिंग करण्यावर धंदा बांधला. पिशवीवर भारतीय नाव आणि आत चिनी पूड, ही स्थिती दोन दशके कुणाला खटकली नाही.

मग त्याच स्फुरदाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या बॅटरीत निकेल आणि कोबाल्ट लागत नाही, त्यामुळे ती स्वस्त पडते. विजेवरच्या गाड्या आणि वीजसाठवणूक यांत तिचा वापर झपाट्याने वाढला. तिच्या धनाग्राचे (कॅथोडचे) जवळपास सगळे उत्पादन चीनमध्ये होते आणि त्यालाही शुद्ध फॉस्फरिक आम्लच लागते. जुलै २०२५ मध्ये चीनने हे धनाग्र बनवण्याचे तंत्रज्ञान निर्यात परवान्याखाली आणले. भारताने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत लिथियम आणि विरल मृत्तिकांच्या (रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या) जोडीला फॉस्फरस आणि पोटॅश आहेत. अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ च्या यादीत फॉस्फेट आणि पोटॅश घातले. खत हा केवळ कृषी खात्याचा विषय उरला नाही, तो असा.

अडवणुकीची साधने दोन प्रकारची असतात. एक उघड असते. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत चिप आणि त्यांची यंत्रे चीनला विकण्यावर निर्बंध घातले. चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमला, तर ४ एप्रिल २०२५ पासून सात विरल मृत्तिका मूलद्रव्यांना निर्यात परवाना सक्तीचा केला. तिथे आदेश असतो, तारीख असते, वाटाघाटीला धरायला काहीतरी असते. दुसरा प्रकार कागदावर येत नाही आणि खतांच्या बाबतीत तोच वापरला गेला. १५ ऑक्टोबर २०२१ पासून चीनच्या सीमाशुल्क विभागाने खतांच्या २९ प्रकारांना निर्यातीपूर्वी तपासणी बंधनकारक केली. कारण देशांतर्गत पुरवठ्याचे होते, आणि ते खोटेही नव्हते. पण तपासणीचा शिक्का हातात आला की कोणाचा माल कधी तपासायचा हेही हातात येते. २०२५ च्या उन्हाळ्यात भारताकडे निघालेल्या विशेष खतांच्या खेपांची तपासणीच होत नाही, अशी तक्रार आयातदारांनी केली. बंदी कुठेच लिहिलेली नव्हती. २०२० च्या गलवान संघर्षानंतर दोन्ही देशांचे संबंध ताणलेले होते आणि चिनी गुंतवणुकीवर भारताने त्याच वर्षी निर्बंध आणले होते, ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते.

द्राक्षाच्या बाबतीत उशीर आणि नकार यांत फारसा फरक राहत नाही. सांगलीकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पुढच्या हंगामाचे घड खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागी, सूक्ष्म रूपात तयार होतात. या काळात स्फुरद आणि पालाश कमी पडून चालत नाही, म्हणून बागायतदार ०:५२:३४ याच सुमारास सोडतात. हे दिवस मे अखेर आणि जूनमध्ये येतात, म्हणजे २०२५ मध्ये खेपा अडकल्या नेमक्या त्या दिवसांत. जुलैमध्ये आलेली पिशवी काडी पिकवायला उपयोगी पडते, पण डोळ्यात न बनलेला घड ती बनवू शकत नाही. फळछाटणीनंतर घड कमी निघाले किंवा जिरले, तर तोवर मूळ चूक चार महिने मागे गेलेली असते.

तरीही २०२५-२६ च्या हंगामाचे सगळे खापर चीनवर फोडणे बरोबर नाही. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात विक्रमी अवकाळी पाऊस झाला, आणि ढगाळ हवेत घडनिर्मिती खत असूनही बिघडते. दोन्ही कारणे एकाच पंधरवड्यात आल्याने त्यांचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे. दुकानात काही ग्रेड मिळेनासे झाले आणि दर चढले, एवढे मात्र हवामानाच्या माथी मारता येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, तेव्हा खते, विरल मृत्तिका आणि बोगदे खोदणारी यंत्रे यांचा पुरवठा सुरळीत करण्याचे आश्वासन मिळाल्याचे वृत्त होते. आधुनिक बोगदायंत्र आणि बागेतले खत एकाच वाक्यात येण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. पण १५ ऑक्टोबरपासून विशेष खतांची निर्यात पुन्हा थांबल्याच्या बातम्या आल्या. ही बंदी सर्वच देशांसाठी होती. सांगलीत मात्र ती फळछाटणीच्या ऐन हंगामात पोहोचली.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाला काहीतरी अडते. पोटॅशियम नायट्रेट चिली, इस्राएल आणि जॉर्डनकडून मिळते, महाग पडते आणि समुद्रमार्गाच्या संकटात अडकते. डीएपीसाठी जुलै २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या मादेन कंपनीशी दरसाल ३१ लाख टनांचा पाच वर्षांचा करार झाला, पण विद्राव्य खते त्याच्या कक्षेत येत नाहीत. टनात मोजले तर त्यांची गरज लहान आहे, आणि लहान गरजेसाठी सरकारी यंत्रणा सहसा हलत नाही. जिल्ह्यापुरता एक स्थानिक स्रोत साखर कारखान्यांच्या आसवनीत आहे. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारे सांडपाणी जाळले की राखेत पालाश मिळतो. किमान १४.५ टक्के पालाशाचे हे खत २०२१ पासून केंद्राच्या अनुदान योजनेत आहे. ऊसपट्ट्याला ते सोयीचे आहे, परंतु ते ठिबकमधून सोडता येत नाही, आणि द्राक्षाची अडचण तिथेच आहे.

२०२५ मध्येच चिनी बेदाणा आडमार्गाने बाजारात येऊन भाव पाडतो, अशी तक्रार तासगाव-सांगलीच्या बेदाणा व्यापारातून झाली. भौगोलिक मानांकन मिळालेला बेदाणा पिकवणाऱ्या जिल्ह्याला त्या वर्षी चीनचा माल एका बाजूने हवा होता आणि दुसऱ्या बाजूने नको होता. आयात धोरणावर बोलताना बागायतदारांचा सूर एकसारखा का नसतो, हे यातून कळते.

अलीकडे बागायतदार पुढच्या छाटणीचे खत आधीच भरून ठेवू लागले आहेत. त्यालाही मर्यादा आहे. ०:५२:३४ आणि १२:६१:० कोरड्या जागेत नीट टिकतात, पण कॅल्शियम नायट्रेट हवेतली ओल ओढून पावसाळ्यात पिशवीतच पाणी सोडते. शिवाय साठ्यात अडकवायला रोकड लागते, आणि ती बेदाण्याचे पैसे हातात आल्यावरच मिळते.