कैद्याला मिळते ती सवलत की हक्क?

१८९४च्या तुरुंग कायद्यात फटक्यांची तरतूद होती, बेड्यांची होती. हक्कांचं प्रकरण नव्हतं. पत्र, मुलाकात, घरचा डबा, जे मिळे ते सवलत म्हणून. पुढे भांडण झालं ते याच शब्दावरून, आणि तेही एका मराठी हस्तलिखितापायी.

चीन युद्धानंतर भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात ठेवलेल्या एका स्थानबद्धाने अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. छापण्यासाठी ते बायकोकडे पाठवायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. सरकारचं म्हणणं असं की स्थानबद्धांच्या सवलतींच्या यादीत पुस्तक छापणं नाही, सबब तो हक्कही नाही. उच्च न्यायालयाने हे मानलं नाही, १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाही. नियमांतली ती यादी बंधनांची; ज्यावर बंधन घातलेलं नाही ते माणसाकडे राहतंच, असा निकालाचा रोख. निव्वळ विज्ञानाचं पुस्तक अडवायला सरकार दिल्लीपर्यंत गेलं, याचं आज हसू येतं.

तरी 'सवलत' काही गेली नाही. १९५९च्या रजा नियमांतला १७वा नियम सांगतो की संचित रजेवर, म्हणजे फर्लोवर, कायदेशीर हक्क सांगता येणार नाही. घरचे सगळ्यालाच 'पॅरोल' म्हणतात; पण आई आजारी वगैरे कारण लागतं ते अभिवचन रजेला, म्हणजे खऱ्या पॅरोलला. संचित रजा ठरावीक शिक्षा भोगल्यावर, चांगल्या वर्तनावर मिळते. कमावलेल्या रजेला मेहेरबानी म्हणणं मला तरी खटकतं.

सर्वोच्च न्यायालयाचा १९८३चा निकालही मुंबईच्याच तुरुंगावरचा. एका महिला पत्रकाराने तुरुंगातल्या १५ बायकांशी बोलून न्यायालयाला पत्र लिहिलं. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. पत्रालाच याचिका मानून बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला पोलिसांचा पहारा, न्यायाधीशांच्या अचानक भेटी ठरवून दिल्या गेल्या.

कच्च्या कैद्यांची, म्हणजे खटला संपायच्या आधीच आत असलेल्यांची, पाळी उशिरा आली. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या २००५च्या दुरुस्तीने, फाशीचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेची निम्मी मुदत आत काढलेल्याला सुटकेची वाट दिली. १ जुलै २०२४पासून, तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेत, याआधी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश पुरते, आणि अर्ज तुरुंग अधीक्षकानेच न्यायालयात करायचा. एकाहून जास्त खटले चालू असले की मात्र दार बंद. भुरट्या चोरीच्या दोन-तीन केसेस अंगावर असलेला पोरगा, आर्थर रोडच्या बराकीतला ओळखीचा चेहरा, नेमका इथेच अडकतो.