तुमचं लिखाण तुमच्या ताब्यात : स्वतःच्या सर्व्हरवर मार्कडाउन ब्लॉग बसवून घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

वरूड, मोर्शी, शेंदुरजना घाट या पट्ट्यातून या कामासाठी आमच्याकडे येणारे लोक साधारण तीन प्रकारचे : संत्र्याच्या कलमांची नर्सरी चालवणारे, वऱ्हाडीत कविता लिहिणारे शिक्षक आणि गावातली वाचनालयं. मागणी तिघांचीही एकच. लिहिलेलं सापडलं पाहिजे आणि टिकलं पाहिजे. फेसबुकवर चार वर्षांपूर्वी टाकलेली नोंद आज शोधून काढणं कठीण जातं. व्हॉट्सॲपच्या गटात लिहिलेलं तर मोबाईल बदलला की गेल्यात जमा. त्यासाठी आम्ही जे बसवून देतो त्याची माहिती या कागदात आहे. वाचून हे आपल्याला नको असं वाटलं तर मोकळेपणानं सांगा, गिऱ्हाईक परत गेलं म्हणून आम्ही रुसत नाही.

बसवतो ते काय

मार्कडाउन ही साध्या मजकुरात लिहायची पद्धत आहे. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ साली प्रसिद्ध केली. फाइल नोटपॅडमध्येसुद्धा उघडते, आणि मथळा, ठळक अक्षर, यादी यांच्यासाठी साधी चिन्हं वापरायची असतात. असं :

## आंबिया बहार : ताण सोडताना
पहिलं पाणी हलकंच द्या.
- आळी आधी नीट करून घ्या
- फांद्यांची सल काढून टाका

या फाइली वाचून ह्यूगो नावाचा मोफत प्रोग्राम तयार वेबपानं बनवतो. सर्व्हरवर, म्हणजे साईट लोकांना दाखवणाऱ्या कायम चालू संगणकावर, जातात ती ही तयार पानं. मागे डेटाबेस नाही आणि लॉगिनचं पानही नाही. वर्डप्रेस (डेटाबेसवर चालणारी साईट बनवायची प्रणाली) आम्हाला येतं आणि ज्याला गरज आहे त्याला बसवूनही देतो. पण त्याचे प्लगइन (जोडून घ्यायचे छोटे प्रोग्राम) वेळच्या वेळी अपडेट करावे लागतात, आणि बसवून झाल्यावर तिकडे कोणी पाहत नाही. महिन्याला दोन लेख लिहिणाऱ्या माणसाच्या मागे ही उसाभर कशाला लावायची?

मात्र ऑनलाइन ऑर्डर घ्यायची असेल, पैसे घ्यायचे असतील किंवा वाचकांना खातं उघडू द्यायचं असेल, तर ही वस्तू तुमच्या कामाची नाही.

सर्व्हर गावात की भाड्यानं?

"घरचा जुना संगणक पडून आहे, त्यावरच करून द्या ना भाऊ," असं बरेच जण म्हणतात. करता येतं. अडचण लाईनची आहेच, पण त्याहून मोठी अडचण इंटरनेटची आहे. बहुतेक मोबाईल आणि फायबर कनेक्शनमध्ये कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) अनेक ग्राहकांत वाटून देते. तुम्ही आतून बाहेर जाऊ शकता, पण बाहेरचा माणूस थेट तुमच्या संगणकापर्यंत पोचत नाही. कायमचा स्वतंत्र आयपी पत्ता वेगळे पैसे भरून मिळतो, किंवा टनेल लावून, म्हणजे बाहेरच्या एखाद्या सर्व्हरमार्फत, मार्ग काढता येतो. तरी मृगाचा पाऊस सुरू झाला आणि संध्याकाळपासून लाईन गेली की साईटही गेली.

म्हणून आमचा सल्ला असा : लिहायचं गावात, सर्व्हर मुंबई-बंगळूरूच्या डेटा सेंटरमधला भाड्यानं घ्यायचा. वाचकांना तयार पानं वाढायला एक जीबी रॅमचं सगळ्यात लहान मशीन भरपूर होतं. कोणी मोठं मशीन गळ्यात मारत असेल तर त्याला कारण विचारा. त्यावर आम्ही उबुंटू २४.०४ ही मोफत संगणकप्रणाली टाकतो, तिला नेहमीचे सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत मिळत राहतील, आणि ते आपोआप बसतील अशी सोय करून ठेवतो.

नवीन सर्व्हर सुरू झाला की जगभरातून कोणकोणते प्रोग्राम त्याचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न सुरू करतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, ते सगळ्यांच्याच सर्व्हरवर चालतं. पासवर्डनं आत जाणं आम्ही बंदच करतो. फक्त किल्ली-फाइल असलेल्या संगणकावरूनच आत जाता येतं. या किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून तुमच्या हातात देतो. ती कपाटात ठेवा, कोणालाही व्हॉट्सॲप करू नका, आम्हालासुद्धा नाही.

साईटशी जोडणी सुरक्षित (एचटीटीपीएस) करणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. त्याची मुदत ९० दिवसांची असते. मुदत संपत आल्याची ईमेल ते पूर्वी पाठवायचे, २०२५ च्या जूनपासून ते बंद झालं. त्यामुळे नूतनीकरण आपोआप व्हायलाच हवं. आम्ही कॅडी नावाचा वेब सर्व्हर वापरतो, तो हे काम स्वतःच करतो. अट एवढीच की ८० आणि ४४३ हे दोन्ही पोर्ट, म्हणजे सर्व्हरमध्ये यायची दारं, उघडे राहिले पाहिजेत. सुरक्षेच्या नावाखाली कोणी ८० बंद करायला सांगितलं तर आधी आम्हाला फोन करा.

डोमेन

डोमेन म्हणजे साईटचा इंटरनेटवरचा पत्ता, तिचा सातबाराच; तो तुमच्याच नावावर पाहिजे. नोंदणी तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईलवर. आमच्या खात्यात आम्ही कोणाचंच डोमेन घेत नाही, ग्राहकानं गळ घातली तरी नाही. उद्या आमचं तुमचं पटलं नाही, किंवा आम्ही दुकान बंद केलं, तरी तुम्ही दुसऱ्याकडून काम करून घेऊ शकता.

देवनागरी डोमेन, म्हणजे शेवटी .भारत असलेलं, २०१४ पासून मिळतं आणि मराठीही त्यात आहे. पाटीवर छान दिसतं. पण त्यावरचा ईमेल पत्ता कित्येक ठिकाणी अजून स्वीकारला जात नाही, म्हणून मुख्य पत्ता .इन चा ठेवून .भारत त्याच्याकडे वळवून देतो.

मांडणीच्या फाइलीतल्या काही ओळी

ह्यूगोची सगळी मांडणी एकाच फाइलीत असते. ती तुम्ही बदलावी अशी आमची अपेक्षा नाही, पण काय बिघडलं की काय दिसतं एवढं माहीत असलेलं बरं.

साईट उघडते, पण रंगरूप सगळं गेलेलं, नुसती उभी अक्षरं दिसतात? बेस यूआरएलच्या ओळीत पत्ता चुकलेला असतो. त्या ओळीत एचटीटीपीएस धरून पूर्ण पत्ता लागतो.

"भाऊ, लेख टाकला पण दिसूनच नाही राहिला," हा आम्हाला सगळ्यात जास्त येणारा फोन. यात दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, लेखाच्या माथ्यावर ड्राफ्टसमोर ट्रू राहिलं आहे का. कच्चा लेख ह्यूगो प्रसिद्ध करत नाही. दुसरी जरा फसवी आहे. पुढच्या तारखेचा लेखही ह्यूगो थांबवून ठेवतो. टाइमझोनची ओळ नसेल तर तुम्ही लिहिलेली वेळ तो जागतिक वेळ धरतो, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. सकाळी ९ ची वेळ टाकून लेख पाठवला, तर ह्यूगोच्या हिशेबानं ते ९ आपल्या दुपारी अडीचला वाजतात. मग दुपारनंतर पुन्हा काही प्रसिद्ध केलं की तो लेख अचानक उगवतो आणि लोकांना वाटतं सर्व्हर भुताटकीचा आहे. आम्ही बसवलेल्या प्रत्येक साईटवर टाइमझोनच्या ओळीत एशिया, कोलकाता घातलेलं असतं. दुसऱ्या कोणाकडून बसवून घेतली असेल तर तेवढी ओळ बघून घ्या.

भाषेच्या ओळीत मराठीचा कोड घालतो. त्यानं महिन्यांची नावं मराठीत येतात, पण 'पुढे वाचा'सारखी बटणं इंग्रजीतच राहतात, कारण ते शब्द थीममध्ये, म्हणजे साईटच्या रंगरूपाच्या साच्यात, वेगळे लिहावे लागतात. ते आम्ही लिहून देतो. 'पुढे वाचा' हवं की 'समदं वाचा', तुमची मर्जी.

लिहिताना

लेखाच्या माथ्यावर तीन आडव्या रेघांच्या दोन ओळी असतात; त्यांच्या मध्ये टायटल, डेट आणि ड्राफ्ट. ही तीन नावं इंग्रजी अक्षरांतच राहू द्या. त्यांच्यासमोरचं शीर्षक मराठीत लिहा.

फाइलीचं नाव मात्र रोमन अक्षरांत द्या. हे ऐकून मराठीप्रेमी ग्राहक नाराज होतात, म्हणून कारण सांगतो. फाइलीच्या नावावरूनच लेखाचा पत्ता बनतो. 'संत्रा' या शब्दात अनुस्वार, हलन्त, काना धरून सहा चिन्हं आहेत. पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात, म्हणजे एका संत्र्याची चोपन्न. टक्क्यांच्या खुणांनी भरलेली ती लांबलचक लिंक पाहून समोरचा माणूस ती उघडायलाच घाबरतो.

कवितेच्या ओळी एकापाठोपाठ एक टाइप केल्या की पानावर त्या सगळ्या एकाच ओळीत सलग येतात. मार्कडाउनमध्ये एकदा एंटर मारणं म्हणजे नुसती एक मोकळी जागा. ओळ तोडायची तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्या, किंवा उलटी तिरकी रेघ \ द्या. आम्ही तिरकी रेघच सुचवतो, ती निदान डोळ्यांना दिसते. कडव्यांच्या मध्ये एक रिकामी ओळ सोडा. एक गुरुजी कवितांची अख्खी वही टाइप करून घेऊन आले होते. त्यांच्यासाठी आम्ही मांडणीतच एक एंटर म्हणजे एक ओळ असं करून दिलं. तुम्ही फक्त कविताच लिहिणार असाल तर तसं सांगा.

परिच्छेदाच्या सुरुवातीला चार स्पेस सोडून लिहायची टायपिंग क्लासची सवय इथं सोडावी लागते. रिकाम्या ओळीनंतर चार स्पेस आल्या की मार्कडाउन त्या मजकुराला प्रोग्रामचा कोड समजतं आणि करड्या चौकटीत डांबतं.

क्रमांकाची यादी करायची तर आकडे 1. 2. 3. असे इंग्रजीच लागतात. १. २. ३. लिहिलं तर यादी बनत नाही, ओळी एकमेकींना चिकटतात. उलट बाजूही आहे : परिच्छेद 1972. असा वर्ष आणि टिंबानं सुरू केला, तर दुष्काळाचं साल हा यादीचा आकडा ठरून ओळ आत सरकते. तिथं १९७२ लिहा, काम झालं. पानावर यादीचे आकडे मराठीत दिसायला हवे असतील तर ते थीममधून होतं. लिहिताना इंग्रजी, दिसताना मराठी.

मराठी अक्षरांची गोष्ट

डीटीपीवाल्याकडून आणलेला मजकूर बहुधा श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये असतो. छापायला तो ठीक. फाइलीत मात्र तिथं मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठी रूप दिलेलं असतं. साईटवर टाकला की नुसता कचरा दिसतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, बदलावा लागतो. बदलायची साधनं आहेत, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात. बदललेला मजकूर तुम्हीच एकदा नजरेखालून घाला. वाचनालयांच्या जुन्या स्मरणिकांना यात सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि दरपत्रकात हे काम वेगळं धरलं आहे ते यामुळेच.

दुसरी गोष्ट आपल्या भागाच्या नावाचीच. 'वऱ्हाड' हा शब्द दोन रीतींनी टाइप होतो : एका रीतीत नुक्ता असलेलं ऱ येतं, दुसऱ्या रीतीत साधं र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. अर्धे लेख असे आणि अर्धे तसे असले तर साईटवरच्या शोधात अर्धेच सापडतात. एकच कीबोर्ड वापरा. लेख आधीच मिसळलेले असतील तर एकदा सगळ्या फाइलींत मिळून बदल करून देतो, साधा मजकूर असल्यानं ते काम मिनिटांचं आहे.

थीमा बहुतेक इंग्रजीसाठी बनवलेल्या असतात. मथळ्याच्या अक्षरांत अंतर सोडलेलं असतं, त्यानं आपली शिरोरेषा तुटते. ओळींतलं अंतर कमी असतं, त्यानं वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. पहिलं आम्ही शून्य करतो, दुसरं अक्षराच्या सुमारे पावणेदोन पट. वेगळा फॉन्ट शक्यतो लावत नाही; अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच, वाचकाचा डेटा कशाला जाळायचा?

फोटो

मोबाईलमधला फोटो आहे तसा टाकू नका. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणून टाकला तरी पानावर स्वच्छ दिसतो, आणि टू-जी रेंजमध्येही उघडतो. लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. बागेचा किंवा घराचा फोटो असेल तर ते काढून टाकलेले बरे. आकार कमी करून लोकेशन पुसणारा एक छोटा प्रोग्राम तुमच्या संगणकावर टाकून देतो.

पाठवणं, पुसणं, जपणं

तुमच्या संगणकावर 'प्रसिद्ध करा' नावाचं चिन्ह असेल. त्यावर दोनदा क्लिक केलं की पानं बनतात, फक्त बदललेल्या फाइली सर्व्हरवर जातात आणि मूळ लेखांची नोंद गिटमध्ये होते, म्हणजे मागच्या महिन्यातला मजकूर परत हवा झाला तर काढता येतो. इंटरनेट नसेल तर लिहीत राहा, रेंज आली की पाठवा.

लेख पुसायचा असेल तर एक लक्षात ठेवा. नुसती फाइल उडवली तरी आधी बनलेलं पान ह्यूगो स्वतःहून काढत नाही, ते साईटवर तसंच राहतं. आमचं चिन्ह दर वेळी जुनी पानं काढून नव्यानं बनवतं आणि सर्व्हरवरूनही जादाची पानं हटवतं. हातानं कमांड चालवणाऱ्यांनी हे आठवणीनं करावं.

लेखांचा फोल्डर महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. साधा मजकूर असल्यानं फोटो सोडले तर शेकडो लेखसुद्धा काही एमबीतच बसतात. त्या फाइली उघडायला ह्यूगो लागत नाही, आणि आम्हीही लागत नाही.

दुकानात येताना

ज्या ईमेलवर डोमेन घ्यायचं त्याचा पासवर्ड आठवून या. "तो पोरानं बनवला होता, तो पुण्याला असते" इथं निम्मे लोक अडकतात. चार-पाच तयार लेख आणा, कच्चे असले तरी चालतील, कारण रिकाम्या साईटवर थीम कशी दिसते ते कळत नाही. जुनं डीटीपीचं साहित्य असेल तर छापील प्रत आणि मूळ फाइल, दोन्ही आणा. सर्व्हर आणि डोमेनचं भाडं तुम्ही थेट त्या कंपन्यांना भरणार, म्हणून कार्ड किंवा यूपीआय चालू असलेला आणि ज्यावर ओटीपी येतो तो मोबाईल सोबत ठेवा, चार्ज करून.